जुन्या गेम्सची डीआरएममुक्त प्रत: विकत घेणे, ताब्यात घेणे आणि चालती ठेवणे

आपल्या प्रश्नाचा आशय थोडक्यात असा: १९९६ ते २००९ या काळात घेतलेल्या गेम्सच्या चाळीसएक सीडी आणि डीव्हीडी आपल्या कपाटात आहेत, त्यांतील बऱ्याच आता नव्या संगणकावर चालत नाहीत, स्टीम या ऑनलाइन दुकानातून काही गेम्स घेतलेले आहेत, आणि गॉग या ऑनलाइन दुकानात जुने गेम्स डीआरएमशिवाय, म्हणजे प्रत अस्सल आहे का हे तपासणाऱ्या डिजिटल कुलपाशिवाय, मिळतात असे आपल्या वाचनात आले आहे. मुलगी मोठी झाल्यावर तिलाही ते खेळता यावेत, म्हणून सगळे पुन्हा विकत घ्यावे का, आणि घेतल्यास कोणत्या हार्ड डिस्कवर ठेवावे, असे आपण विचारले आहे. फ्लॉपी, सीडी आणि ध्वनिफिती यांवरील मजकुराचे डिजिटल जतन करणे हा माझा व्यवसाय आहे आणि जुने गेम्स हा त्यातील माझ्या आवडीचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हार्ड डिस्क कोणती हा या प्रश्नातला सर्वांत सोपा भाग आहे, त्याकडे शेवटी येतो. खरी अडचण अशी की एखादा गेम ‘आपला आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: तो वापरण्याचा परवाना, त्याच्या फाइल्स प्रत्यक्ष आपल्या ताब्यात असणे, आणि त्या फाइल्स आज हाताशी असलेल्या यंत्रावर चालणे. कपाटातल्या सीडीच्या बाबतीत पहिल्या दोन गोष्टी आपल्याकडे आहेत आणि तिसरी दरवर्षी थोडी थोडी निसटते आहे. स्टीमवरच्या गेमच्या बाबतीत पहिली आणि तिसरी आहे, दुसरी बहुतेक वेळा अर्धवट आहे. गॉगवरून घेतलेल्या गेमच्या बाबतीत तिन्ही असू शकतात. ‘असू शकतात’ असे म्हणतो, कारण पैसे भरल्याने दुसरी गोष्ट आपोआप घडत नाही; ती आपल्याला स्वतः करावी लागते, आणि बहुतेक ग्राहक ती करत नाहीत.

परवान्याविषयी एक गैरसमज आधी दूर करतो. डीआरएममुक्त गेम घेतला म्हणजे कायद्याने आपण त्याचे मालक झालो, असे होत नाही. गॉगही परवानाच देते. आपण ती प्रत इतरांना वाटू शकत नाही किंवा विकू शकत नाही. फरक एवढाच, पण फार मोठा, की त्या प्रतीला सुरू होण्यासाठी कोणाची परवानगी विचारावी लागत नाही. विक्रेत्याचा सर्व्हर बंद पडला, आपले खाते गोठवले गेले किंवा कंपनीच विकली गेली, तरी आपल्या डिस्कवरचा इन्स्टॉलर चालत राहतो. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये केलेला आणि १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला कायदा याच फरकावर उभा आहे. डिजिटल वस्तूच्या विक्रीत ‘विकत घ्या’ असे लिहायचे असेल तर ग्राहकाला प्रत्यक्षात केवळ परवाना मिळतो आहे हे स्पष्ट सांगावे लागते, मात्र जी वस्तू कायमची उतरवून घेऊन इंटरनेटशिवाय वापरता येते तिला त्यातून सूट आहे. मालकीच्या शब्दावरून वाद घालण्यापेक्षा ही कसोटी मला अधिक उपयोगी वाटते: नेटवर्कची वायर काढून, कोऱ्या संगणकावर, कोणतेही खाते न उघडता हा गेम बसवता येतो का?

पुढचे उत्तर दोन-तीन गोष्टींवर अवलंबून आहे. आपल्याला गेम खेळायचे आहेत की ती विशिष्ट आवृत्ती, तिच्या त्रुटींसकट, जशीच्या तशी राखायची आहे, हे आधी ठरवावे लागेल. केवळ खेळायचे असेल तर पुष्कळदा सेलमध्ये गॉगवरची प्रत घेणे हा सर्वांत कमी कष्टाचा मार्ग आहे. आवृत्ती राखायची असेल तर ती प्रत पुरेशी नाही, आणि कपाटातली सीडी कोणत्याही परिस्थितीत टाकून देऊ नये. शिवाय गेम कोणत्या काळातला आहे यावर बरेच ठरते. माझ्या अनुभवात डॉसच्या, म्हणजे विंडोजपूर्वीच्या, काळातले गेम्स आज सर्वांत सहज चालतात, १९९६ ते २००९ चे विंडोज गेम्स सर्वांत त्रास देतात, आणि आपला संग्रह नेमका त्याच काळातला आहे.

सीडींपासून सुरुवात करा, कारण त्या थांबणार नाहीत. कारखान्यात छापलेली सीडी घरी बर्न केलेल्या सीडी-आरपेक्षा बरीच टिकाऊ असते, पण मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यातल्या दमटपणाने तिच्यावर आणि तिच्या कागदी वेष्टनावर बुरशी चढते, आणि लेबलच्या बाजूने ओरखडा गेला तर माहितीचा थरच निघून येतो. बाह्य यूएसबी ड्राइव्ह घ्या, सीडी मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे पुसा, गोलाकार पुसू नका, आणि प्रत्येक सीडीची इमेज, म्हणजे संपूर्ण सीडीची फाइलरूपातली प्रत, कमी वेगाने काढा.

इथे एक सापळा आहे, ज्यात उत्साही संग्राहक हमखास अडकतात. नव्वदच्या दशकातील अनेक गेम्सच्या सीडी मिश्र स्वरूपाच्या असत: पहिल्या ट्रॅकवर गेमच्या फाइल्स आणि पुढच्या ट्रॅक्सवर साध्या ऑडिओ सीडीसारखे संगीत. आयएसओ या स्वरूपात इमेज काढली की फक्त पहिला ट्रॅक येतो. गेम सुरू होतो, सगळे ठीक वाटते आणि संगीत मात्र कायमचे गेलेले असते. १९९६ चा क्वेक हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. संगीतकार ट्रेंट रेझ्नरचे त्यातले संगीत सीडीच्या ऑडिओ ट्रॅक्सवर होते, आणि स्टीमवर विकली जाणारी प्रत २०२१ च्या नव्या आवृत्तीपर्यंत त्या संगीताविनाच होती. म्हणून इमेज नेहमी बिन आणि क्यू या फाइल्सच्या जोडीने काढावी; बिनमध्ये सगळे ट्रॅक्स येतात आणि क्यूमध्ये त्यांची मांडणी. इम्गबर्न हे साधे साधन त्यासाठी पुरते. अधिक काटेकोर काम करायचे असेल तर रीडंपर वापरावे. रीडम्प नावाच्या स्वयंसेवी प्रकल्पाने हजारो डिस्कच्या अचूक इमेजेसचे हॅश, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारे बोटांच्या ठशासारखे क्रमांक, प्रसिद्ध केलेले आहेत. आपल्या इमेजचा हॅश त्यांच्या नोंदीशी जुळला तर आपली प्रत बिट-बिट बरोबर आहे याची खात्री पटते. जुळला नाही तर घाबरण्याचे कारण नाही, कारण भारतात विकल्या गेलेल्या सीडींच्या काही छपाया त्या यादीत नसू शकतात. अशा वेळी तीच सीडी दोनदा वाचून दोन्ही वेळचे हॅश जुळतात का, एवढे पाहावे.

इमेज निघाली म्हणजे गेम चालेलच असे नाही, कारण सन २००० च्या आसपासच्या गेम्सवर डिस्क अस्सल आहे की नाही हे तपासणारी संरक्षणे असत. सेफडिस्क आणि सेक्युरॉम ही त्यांतली दोन मोठी नावे. सेफडिस्क विंडोजच्या गाभ्यात एक ड्रायव्हर चालवत असे. त्यात सुरक्षेची भोके सापडली, तेव्हा मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० मधून तो वगळला आणि त्याच वर्षी सप्टेंबरच्या अपडेटने विंडोज ७ आणि ८ मध्येही बंद केला. गंमत अशी की एज ऑफ एम्पायर्स २ या मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या गेमच्या मूळ सीडीवरही हेच संरक्षण होते. आपल्याकडील अस्सल, पावतीसकट घेतलेली सीडी ‘डिस्क घाला’ असे म्हणत अडून बसते ती यामुळे; सीडी खराब झाली असे समजून ती टाकून देणारे लोक मी पाहिले आहेत. २००८ नंतरची काही संरक्षणे तर आणखी पुढे गेली. स्पोर हा गेम प्रसिद्ध झाला तेव्हा तो तीनच वेळा ऑनलाइन सक्रिय करता येत असे, आणि ग्राहकांच्या संतापानंतर ती मर्यादा वाढवावी लागली. अशा गेमच्या डीव्हीडीची कितीही उत्तम इमेज काढली तरी सक्रिय करणारा सर्व्हर गेला की ती निरुपयोगी ठरते. आपल्या संग्रहातील हे गेम्स वेगळे काढा. पुन्हा विकत घेण्याच्या यादीत त्यांचा क्रमांक सर्वांत वर असावा.

कायद्याचा प्रश्न इथे येतोच. मी वकील नाही, पण माझ्या कामाचा आधार म्हणून दोन कलमे पाठ ठेवतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२(१)(एए) नुसार संगणक प्रोग्रॅमची प्रत कायदेशीररीत्या ज्याच्याकडे आहे, त्याला ती हरवणे, नष्ट होणे किंवा खराब होणे यांपासून तात्पुरते संरक्षण म्हणून बॅकअप प्रत काढता येते. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५ए तांत्रिक संरक्षण तोडण्याला शिक्षा सांगते, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, परंतु हक्कभंगाचा हेतू हा त्या गुन्ह्याचा भाग आहे. आपल्याच सीडीची आपल्याच घरात ठेवलेली इमेज आणि तीच इमेज टेलिग्रामवर टाकणे या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. संरक्षण काढलेली परकी ‘क्रॅक’ फाइल उतरवणे मी सुचवत नाही. कायद्याचा भाग सोडला तरी अनोळखी ठिकाणाहून आलेली चालती फाइल वीस वर्षांच्या संग्रहात मिसळणे जतनाच्या दृष्टीनेही घातक आहे; तिच्यात काय बदलले आहे हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

आता पुन्हा विकत घेण्याकडे वळतो. गॉग हे दुकान २००८ मध्ये सीडी प्रोजेक्ट या पोलिश कंपनीने सुरू केले, तेव्हा त्याचे नाव गुड ओल्ड गेम्स असे होते. तिथे पैसे मोजण्यासारखे जे आहे ते मुख्यतः दुरुस्तीचे काम आहे: डॉसचा गेम डॉसबॉक्समध्ये (आजच्या संगणकात डॉसचा संगणक उभा करणाऱ्या साधनात) नीट मांडून देणे, विंडोज ९८ च्या गेमला नव्या ग्राफिक्स कार्डाशी जुळवून घेणे, डिस्कचे संरक्षण हक्कधारकाच्या संमतीने काढून टाकणे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यांनी शंभर गेम्सपासून एक जतन कार्यक्रम सुरू केला, ज्यात नव्या संगणकांवर ते गेम्स चालते ठेवण्याची जबाबदारी दुकान स्वतः घेते. ही हमी मला मोलाची वाटते, पण ती दुकान असेपर्यंतचीच आहे हे लक्षात ठेवावे.

घेतल्यानंतरचे काम मात्र आपले आहे. गॉगचे गॅलेक्सी हे क्लायंट सॉफ्टवेअर, म्हणजे गेम्स उतरवून चालवणारा दुकानाचा प्रोग्रॅम, सोयीचे आहे, परंतु जतनासाठी त्यातून बसवलेला गेम धरू नये. संकेतस्थळावर आपल्या खात्यात ‘ऑफलाइन बॅकअप इन्स्टॉलर’ असा वेगळा विभाग असतो, तिथून फाइल्स उतरवाव्यात. मोठ्या गेमचा इन्स्टॉलर एक लहान ईएक्सई आणि अनेक बिन फाइल्स अशा तुकड्यांत येतो आणि त्यातला एक तुकडा नसला तरी बाकीचे वाया जातात. विस्तारखंड वेगळे असतात, पॅच वेगळे असतात, नकाशे, पुस्तिका आणि संगीत यांची ‘अतिरिक्त’ म्हणून वेगळी यादी असते. लोक ती उतरवायला विसरतात आणि नेमकी तीच नंतर कुठे मिळत नाही. ईएक्सईच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल स्वाक्षरी वैध दिसते का, हे एकदा पाहावे. आपण मॅक वापरत असलात तरी विंडोजचा इन्स्टॉलरही घ्या. ॲपलने २०१९ च्या कॅटालिनापासून ३२-बिट प्रोग्रॅम चालवणे बंद केले आणि मॅकसाठी घेतलेले असंख्य जुने गेम्स एका रात्रीत मुके झाले. त्याच गेम्सच्या विंडोज फाइल्स वाइनसारख्या, विंडोजचे प्रोग्रॅम इतर संगणकांवर चालवणाऱ्या, साधनांतून आजही चालवता येतात.

प्रत्येक गेम एकदा वायफाय बंद करून, शक्य तर दुसऱ्याच संगणकावर, बसवून पाहिल्याशिवाय मी त्यावर ‘जतन झाले’ अशी खूण करत नाही. डीआरएममुक्त या पाटीखाली सगळे पूर्ण असतेच असे नाही. २०२१ मध्ये हिटमन हा गेम गॉगवर आला तेव्हा त्यातली बरीच प्रगती इंटरनेट असल्याशिवाय नोंदवलीच जात नव्हती. ग्राहकांनी आवाज उठवल्यावर दुकानाने तो काढून घेतला. जुन्या गेम्सच्या बाबतीत असे क्वचित घडते, पण इतरांसोबत खेळण्याची सोय क्लायंटवर किंवा सर्व्हरवर अवलंबून असू शकते. घरच्या लॅनवर चालणारी मूळ सोय शाबूत आहे का, हेही त्याच वेळी तपासावे.

पुन्हा घेतलेली प्रत म्हणजे आपल्या सीडीवरचाच गेम, असेही धरून चालू नये. जीटीए व्हाइस सिटी हा गेम काय होता, हे आपल्याकडच्या सायबर कॅफेवाल्या पिढीला सांगायला नको. त्यातल्या गाण्यांचे परवाने संपले तेव्हा स्टीमवरच्या प्रतीतून काही गाणी गाळली गेली. २०१८ मध्ये जीटीए ४ ची अनेक गाणी अपडेटने काढली गेली, तीही ज्यांनी गेम आधीच विकत घेतला होता त्यांच्या प्रतींमधून. २०२१ मध्ये जीटीएची नवी सजवलेली त्रयी बाजारात आणताना कंपनीने तीन जुने मूळ गेम्स दुकानांतून हटवले आणि तक्रारींनंतर ते आपल्या स्वतःच्या दुकानात परत आणले. म्हणजे कपाटातली २००३ ची सीडी हा काही बाबतींत अधिक संपूर्ण दस्तऐवज आहे. माझा सल्ला असा की ज्या गेममध्ये परवान्याचे संगीत, खऱ्या मोटारी किंवा खरे खेळाडू आहेत, त्याची मूळ डिस्क-इमेज आणि विकत घेतलेली डीआरएममुक्त प्रत अशी दोन्ही ठेवावीत.

अशा गेम्सच्या बाबतीत वेळही महत्त्वाची असते. मे २०२१ च्या अखेरीस नीड फॉर स्पीडचे कार्बन, अंडरकव्हर, शिफ्ट वगैरे पाच गेम्स डिजिटल दुकानांतून काढले गेले. डिसेंबर २०२४ मध्ये वॉरक्राफ्टचे पहिले दोन भाग गॉगवरून विक्रीतून गेले. ज्यांनी ते आधी घेतले होते त्यांना ते अजून उतरवता येतात, इतरांना कितीही पैसे दिले तरी तिथे मिळत नाहीत. म्हणून पुन्हा विकत घ्यायचेच असेल तर यादीतल्या लोकप्रियतेकडे न पाहता आधी परवान्यांनी बांधलेले गेम्स घ्या. एखादा शुद्ध काल्पनिक डॉस गेम दोन वर्षांनी घेतला तरी बहुधा चालेल.

स्टीमविषयी थोडक्यात. तिथले सगळेच गेम्स कुलूपबंद नसतात. काही गेम्सचे फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवले तरी ते क्लायंटविना सुरू होतात, आणि पीसीगेमिंगविकी या संकेतस्थळावर प्रत्येक गेमच्या पानावर तशी नोंद असते. आपले स्टीमवरचे गेम्स त्या यादीशी ताडून पाहा, म्हणजे कोणते वेगळे घ्यायला नकोत ते कळेल. उरलेल्यांच्या बाबतीत धोका दुकान बुडण्याचा कमी आणि क्लायंट पुढे निघून जाण्याचा जास्त आहे. स्टीमने २०१९ च्या आरंभी विंडोज एक्सपीचा आणि २०२४ च्या आरंभी विंडोज ७ व ८ चा आधार काढला. एक्सपीवर चांगला चालणारा गेम एक्सपीवरच खेळण्यासाठी जुना संगणक जपणाऱ्या माणसाला, विकत घेतलेला असूनही, तो त्या संगणकावर उतरवता येत नाही.

काही गेम्स आपल्याला कुठेच मिळणार नाहीत. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेम्सपैकी सुमारे ८७ टक्के बाजारात उपलब्ध नाहीत. याचे कारण बहुधा फाइल्स हरवणे हे नसते. हक्क कोणाकडे आहेत हे न कळणे हे असते. सिस्टम शॉक २ हा १९९९ चा गेम बनवणारा लुकिंग ग्लास स्टुडिओ २००० मध्ये बंद पडला आणि हक्क फिरत फिरत एका विमा कंपनीकडे गेले. स्टीफन किक यांना प्रवासात तो गेम खेळावासा वाटला, मिळेना, म्हणून त्यांनी शोध घेत विमा कंपनी गाठली, नाइटडाइव्ह ही संस्था काढली आणि २०१३ मध्ये गेम गॉगवर आला. त्याच संस्थेने पुढे नो वन लिव्हज फॉरएव्हर या २००० च्या गेमसाठी खूप खटपट केली, पण संभाव्य हक्कधारक तीन मोठ्या कंपन्या असल्याने काहीच साधले नाही. आपल्याकडे घराघरांत खेळल्या गेलेल्या १९९६ च्या रोड रॅशमध्ये साउंडगार्डनसारख्या बँडची परवान्याने घेतलेली गाणी होती. असा गेम जसाच्या तसा पुन्हा विक्रीला आणणे किती अवघड आहे, हे यावरून लक्षात येईल. आपल्या सीडींमध्ये तो असेल, आणि असेलच असे वाटते, तर इमेज काढण्याची सुरुवात त्याच्यापासून करा.

लोक अशा गेम्सना ‘सोडून दिलेले’ म्हणतात, पण कायद्यात तसा वर्ग नाही. इंटरनेट आर्काइव्हवर डॉसचे हजारो गेम्स ब्राउझरमध्ये खेळता येतात आणि तो प्रकल्प मला मनापासून आवडतो, तरी त्यामुळे हक्काचा प्रश्न सुटलेला नाही. ग्रंथालयांना जतन केलेले गेम्स संशोधकांना दूरवरून वापरू देण्याची परवानगी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. संस्थांचे हात असे बांधलेले असताना, आपल्या कपाटातल्या कायदेशीर सीडीची नीट काढलेली इमेज ही किरकोळ गोष्ट राहत नाही.

आता तिसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे चालवण्याकडे. मराठी वाचकाला हे वेगळे समजवायला नको. पंचवीस वर्षांपूर्वी जुन्या डीटीपी फाँटमध्ये टाइप केलेली स्मरणिका फाइल म्हणून सुखरूप असते, उघडली की पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. फाइल राहिली, ती वाचणारे साधन गेले. गेम्सचे नेमके तेच होते, म्हणून फाइलबरोबर तिचे साधनही ठेवावे. डॉसच्या गेम्ससाठी डॉसबॉक्स, चित्रांवर क्लिक करून खेळायच्या साहसकथांसाठी स्कमव्हीएम, विंडोज ९५-९८ च्या गेम्ससाठी ८६बॉक्ससारखा संपूर्ण जुना संगणक उभा करणारा एम्युलेटर. त्या काळातले काही गेम्स ३२-बिट असतात पण त्यांचा इन्स्टॉलर १६-बिट असतो, आणि ६४-बिट विंडोजवर तो सुरूच होत नाही. अशा वेळी गेम एम्युलेटरमध्ये बसवून तयार झालेले फोल्डर बाहेर काढले तर पुष्कळदा तो आजच्या विंडोजवर सरळ चालतो. गॉगवरून घेतलेल्या डॉस गेमचे फोल्डर उघडले तर आत डॉसबॉक्स आणि मूळ फाइल्स वेगवेगळ्या दिसतात. उद्या डॉसबॉक्सपेक्षा चांगले काही आले तर त्या मूळ फाइल्स त्यात टाकता येतील. डीआरएममुक्त प्रतीचा मला हा सर्वांत मोठा लाभ वाटतो.

सर्वांत दीर्घायुषी ठरतात ते गेम्स, ज्यांचा सोर्स कोड (प्रोग्रॅमचा मूळ मजकूर) खुला झाला किंवा ज्यांचे इंजिन (गेम चालवणारा गाभा) कोणीतरी नव्याने लिहिले. डूमचे प्रोग्रॅमर जॉन कार्मॅक यांनी त्याचा कोड डिसेंबर १९९७ मध्ये खुला केला आणि १९९३ चा तो गेम आज वाट्टेल त्या यंत्रावर चालतो. मूळ डेटा फाइल मात्र आपल्याजवळ लागते. ब्लेड रनर या १९९७ च्या गेमचा कोड हरवलेला होता, तरी स्कमव्हीएमच्या स्वयंसेवकांनी इंजिन उलगडून पुन्हा लिहिले आणि २०१९ मध्ये त्याच आधारावर तो गॉगवर आला. प्रिन्स ऑफ पर्शियाचा मूळ ॲपल २ वरचा कोड हरवला असे त्याचे निर्माते जॉर्डन मेक्नर यांना वाटत होते. २०१२ मध्ये त्यांच्या वडिलांना घरात जुन्या फ्लॉपींचा खोका सापडला, जाणकारांनी त्यांतला मजकूर काढला आणि तो लगेच सार्वजनिक झाला.

याच प्रिन्सवरून पुस्तिकांची आठवण करून देतो. डॉसवरच्या मूळ गेममध्ये पहिल्या टप्प्यानंतर अक्षरे लिहिलेल्या कुप्यांची एक खोली येई आणि पुस्तिकेतले अमुक पान, अमुक ओळ, अमुक शब्द यांचे पहिले अक्षर असलेली कुपी प्यावी लागे. चुकीची प्यायली की राजपुत्राचा जीव धोक्यात येई. त्या काळचे डीआरएम कागदावर होते. म्हणून वेष्टन, पुस्तिका, सीडीच्या डबीवरचा अनुक्रमांक आणि नकाशे हे सगळे ३०० डीपीआयला स्कॅन करून गेमच्या इमेजशेजारीच ठेवा. अनुक्रमांक शिवाय साध्या टेक्स्ट फाइलमध्ये टाइप करा.

राहिली साठवण. चाळीस सीडी-डीव्हीडींच्या इमेजेस आणि गॉगचे तेवढेच जुने इन्स्टॉलर १ टीबीत आरामात बसतात. दोन वेगळ्या कंपन्यांच्या साध्या फिरत्या हार्ड डिस्क घ्या, एक घरी आणि एक दुसऱ्या गावी नातेवाइकांकडे ठेवा, आणि तिसरी प्रत एन्क्रिप्ट करून खासगी क्लाउडवर ठेवा. एसएसडी आणि पेन ड्राइव्ह वर्षानुवर्षे विजेविना पडून राहण्यासाठी नसतात. डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा, कारण एफएटी३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. फाइल्सची नावे रोमन लिपीत आणि लहान ठेवा, कारण जुनी साधने देवनागरी नावांवर अडखळतात. टिपण मात्र खुशाल मराठीत, युनिकोडमध्ये लिहा. त्यात गेमची आवृत्ती, इमेज कधी आणि कोणत्या ड्राइव्हने काढली, कोणत्या साधनात ती चालते आणि कोणत्या सेटिंगने, एवढे असावे.

प्रत्येक फाइलचा एसएचए-२५६ हॅश काढून त्याच टिपणात नोंदवा. विंडोजमध्ये सर्टयुटिल या आज्ञेने तो मिळतो. दिवाळीच्या सफाईत दोन्ही डिस्क जोडून हॅश पुन्हा ताडून पाहण्याचा पायंडा पाडला तर बिघाड वेळेत कळतो आणि चांगल्या प्रतीवरून दुरुस्त करता येतो. वर्षभर कपाटात पडलेली डिस्क चालते की नाही, हेही त्यातून समजते.

केवळ सर्व्हरवर जगणाऱ्या गेम्ससाठी घरी काहीच करता येत नाही, हे सांगायला हवे. युबिसॉफ्टचा द क्रू मार्च २०२४ च्या अखेरीस बंद झाला तेव्हा डिस्क विकत घेतलेल्यांच्या हातीही काही उरले नाही. त्यातून उभी राहिलेली स्टॉप किलिंग गेम्स ही चळवळ युरोपात दहा लाखांहून अधिक सह्या जमवून कायद्याची मागणी करते आहे. आपल्या २००९ पर्यंतच्या संग्रहात असा एखाददुसराच गेम असेल. त्यावर वेळ घालवू नका.

आपण सीडींची नावे, छपाईचे वर्ष आणि डबीवर छापलेला आवृत्ती क्रमांक इथे लिहिलात, तर कोणत्या सीडीवर ऑडिओ ट्रॅक्स आहेत, कोणत्या गेमला ऑनलाइन सक्रिय करावे लागते आणि कोणत्याची डीआरएममुक्त प्रत आज विकत मिळते, हे एकेक करून सांगतो.